खो-खो संघाचं मनःस्वास्थ्य

१५ एप्रिल २०२१, सकाळी १०
रिपोर्ट पॉझिटिव्ह. नेरमध्ये लॉकडाऊन, त्यात मला वेगळी मागची खोली. चौदा दिवस. सौ. कौसल्या दाराबाहेर ताट ठेवून पळते, जणू आत वाघ आहे. वाघाला वरणभात.
प्राचार्यांचा फोन. क्रीडा शिक्षकाची जागा रिकामी, तेव्हा मुलींच्या खो-खो संघाचं मनःस्वास्थ्य मी सांभाळावं. मी संस्कृतचा. मन हा विषय आमच्याकडे पूर्वापार आहे. स्वीकारलं.

दुपारी ४
व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. बारा मुली. पहिल्याच श्लोकाखाली उर्वशीनं नाचणारं माकड टाकलं. सुरभीनं दुसरं, टोपीवालं. आमच्या लेकीला, समीक्षाला हाक मारली. तिनं खिडकीबाहेरून बटणं सांगितली. आता ग्रुपवर फक्त मीच लिहू शकतो. आठवड्यानं हे सेटिंग काढू.

१८ एप्रिल
रोज तीन श्लोक, अन्वय आणि अर्थासह. तीन दिवसांत एकही तक्रार नाही. वाचलंय मात्र बाराही जणींनी. शांती म्हणतात ती हीच.
मोबाइल कमी वापरा, असं मुलींना समजावलं. सात मेसेज लागले. कोणी कोणी वाचले, ते सतरा वेळा पाहिलं. निरीक्षण म्हणून.

२३ एप्रिल
खोली दहा बाय नऊ. मोजली. जेवणाला चव नाही. कौसल्या दारातून विचारते, काही पाह्यजे काय? उत्तर देईपर्यंत गेलेली असते. असं एकतर्फी बोलणं माणसाला फार लागतं.
प्राचार्यांना अहवाल पाठवला: संघ अत्यंत समाधानी.

२६ एप्रिल
विद्यापीठाचं पत्र. ऑनलाइन सराव शिबिर. त्यातूनच विद्यापीठाचा संघ निवडणार. नावं २८ला दुपारी बारापर्यंत. ग्रुपवर टाकलं: इच्छुकांनी इथेच कळवावं. फोन, खाजगी मेसेज नकोत. पक्षपात होतो.

२७ एप्रिल
रंजिता राठोडचा फोन. तांड्यावरची, संघात सगळ्यात चपळ. शेवटचं वर्ष. यंदा निवड झाली नाही तर विद्यापीठाची जर्सी कधीच नाही.
सर, माह्यं नाव, एवढं म्हणाली. ग्रुपवर लिही, म्हणालो. म्हणे, पण सर, तिथं तं... मला खोकला आला. ठेवला. नियम सगळ्यांना सारखा.
पाच मिनिटांत पुन्हा तिचाच. उचलला नाही. मन चंचल झालेलं दिसतं. तिच्यासाठी एकाग्रतेवर श्लोक टाकला. लगेच वाचला तिनं.

२८ एप्रिल, दुपारी १२.०५
एकही नाव नाही. रंजिताचंही नाही. मी शेवटच्या मिनिटापर्यंत वाट पाहिली, हे नोंदवून ठेवतो. विद्यापीठाला कळवलं: निरंक.
मुलींचा स्पर्धेचा मोह गेला. तेरा दिवसांत. ऋषींना वेळ लागायचा.

३० एप्रिल
सुटका. समीक्षानं फोन पुसला, उघडला आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, बाबा, ते सेटिंग तसंच हाये की! त्या लिहितील कशा?
कौसल्या म्हणाली, घरात तरी कुठं बोलू देतात.
विद्यापीठात फोन केला. यादी कालच गेली. विनवलं. पुन्हा विनवलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, सर, निरंक तुम्हीच लिहिलंय ना? खाली सही पण आहे.
सेटिंग काढलं. संध्याकाळपर्यंत कोणी काही लिहिलं नाही. माकडसुद्धा नाही.

२ मे, सकाळी ७
रंजिताला फोन. चार वाक्यं आधी कागदावर लिहून घेतली. तिच्या आईनं उचलला, हंसाबाईंनी. रंजिता धावाले गेली, म्हणाल्या. फोन नेत नाही. म्हणते, त्यात सर बोलूनच राह्यतात.
शिबिराचं कळलं का तिला, विचारलं. कळलं न. दोन दिवस जेवली नाही. आज उठली.
मग म्हणाल्या, बोला न सर, काय सांगू तिले?
कागद पाहिला. तीन वाक्यं धीर कसा धरावा यावर. माफी चौथ्यात, तीही समासात.
म्हणालो, काही सांगू नका. आल्यावर तिलाच फोन करायला सांगा. मी ऐकतो.
सांगतो, म्हणाल्या. पण ते करन का नाही, मले ठाऊक नाही.

सकाळी ११.४०
फोन पूर्ण चार्ज आहे. रेंजही पूर्ण आहे.