कोकडा न येणारी मिरची

४ फेब्रुवारी २००८, जालना
कंपनीची वेबसाईट दिवाळीत सुरू केली, अजून कुत्रं फिरकलं न्हाई. "मिरची बियाणे" टाकून सर्च केलं तर आपली कंपनी चौथ्या पानावर. चौथ्या पानावर कोण मरायला जातं?
शेठजींनी आज मला आणि त्यांच्या पोराला, प्रितेशभैय्याला, समोर उभं केलं. "पाडव्यापर्यंत बघतो. मंग बिलकुल बंद." भैय्याचं काय, पुण्याहून शिकून आलेत, त्यांना हजार कामं. साईट बंद म्हणजे मी बंद. परत गावाला, धावड्याला. दादानं तिकडं एक स्थळ बघून ठेवलंय. त्याला पण पाडव्यापर्यंतच थांबवलंय.

७ फेब्रुवारी
भैय्या म्हणतात, शब्द शोध. लोक काय टाईप करतात ते. आपल्या साईटवर काय, तर "उन्नत संकरित मिरची बियाणे". असं कोण बोलतं? माझा बाप न्हाई बोलत.
खाली दुकानात काउंटरपाशी स्टूल टाकून सकाळभर बसले. येणारा शेतकरी काय मागतो ते जसंच्या तसं वहीत. बियाण्याचं नाव पहिल्यांदा कोणीच घेत न्हाई! आधी दुखणं सांगतात. "कोकडा न येणारं काही हाय का?" पानं आकसून गोळा होतात, झाड जागेवर बसतं, तो कोकडा. घरी दोन वर्षं डोळ्यानं बघितलाय, वहिनी बांधावर बसून रडल्ती. आज चौदा जणांनी तेच विचारलं.

११ फेब्रुवारी
वहीतला एकेक शब्द तपासून राह्यले. माझ्या खुणा: ब म्हणजे नुसते बघे, घे म्हणजे घेणारे, अ म्हणजे अडलेले. नुसतं "मिरची" टाकणारा ब. त्याला लोणचं बी पाहिजे असंल. "कोकडा न येणारी मिरची" टाकणारा अ आणि घे दोन्ही. मंग दोन गोष्टी बघायच्या, शोधणारे किती आणि त्यांना उत्तर देणारी पानं किती.
शोधणारे आहेत. शेतकऱ्यांची कॉलेजातली पोरं, दुकानदार, नेट कॅफेवाले. आणि पान? एक बी न्हाई! तीनदा टाकून बघितलं. रान मोकळं. खुर्चीतल्या खुर्चीत उडाले.

१३ फेब्रुवारी
भैय्यांनी लगेच ठरवलं. आपल्या अकरा नंबर वाणाच्या पानावर ठळक अक्षरात: "कोकडा न येणारी मिरची – ११ नंबर."
मी म्हणले, भैय्या, अकरा नंबरला पण येतो की. थोडा कमी असंल.
"लोक जे शोधतात ते वर लिहायचं. बाकी सगळं खाली बारीक अक्षरात आहेच ना."
खाली असं काहीच न्हाई. मला माहीत होतं. टाईप मीच केलं.

२८ फेब्रुवारी
दुसऱ्या पानावर आलो.

६ मार्च
पहिल्या पानावर पहिले! शेठजींनी पेढे मागवले. मला "बेटा" म्हणाले, पहिल्यांदाच. फोन सुरू झालेत. भैय्या सगळ्यांना सांगून राह्यले, शब्द संगीतानं शोधला. लई भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. ती ओळ टाईप केल्याचं आठवलं की थोडं टोचतं, पण पेढे खाल्ले.

१५ मार्च
दादाचा फोन. ऑफिसच्या नंबरावर, तो कधी करत न्हाई.
"संगे, कोकडा न येणारी मिरची निघाली म्हणं! भोकरदनला कॅफेत पोरानं काढून दिलं. पहिलंच नाव तुमच्या कंपनीचं. घरच्याला सांगायचं सोडून गप बसलीस व्हय गं?"
यंदा मिरची लावायचीच न्हाई असं ठरवल्तं त्यानं. दोन वर्षं कोकड्यानं खाल्ली, यंदा मका, असं सांगितल्तं. आता दोन एकर मिरची म्हणतो. पुड्या घेतल्या पण.
पाठीमागं भैय्या उभे. मी म्हणले, अंगारकीला राजूरच्या गणपतीला येते, मंग बोलू. ठेवला फोन.

१८ मार्च
कंपनी वाण लावून बघते त्या प्लॉटवरच्या साहेबांना विचारलं. मागच्या वर्षी अकरा नंबरला कोकडा आला का? "आला ना. बाकीच्यांसारखाच. आठ-दहा दिवस उशिरा, एवढाच फरक." मंग म्हणाले, "ते शब्द तुम्ही लिहिले बाई, मी न्हाई."
भैय्यांना म्हणले, ओळ काढू. "पाडव्यापर्यंत थांब. शेठजी एकदा हो म्हणू देत, मंग बघू." मी थांबले. नोकरी माझी पण आहे ना. हे लिहिताना लाज वाटून राह्यली.

२५ मार्च, अंगारकी
राजूरला मुंगी शिरायला जागा नव्हती. दादा धावड्याहून आल्ता. पिशवीत अकरा नंबरच्या पुड्या. आमच्याकडं पेरायच्या आधी बी गणपतीच्या पायाला लावतात. सोबत कॅफेतल्या पोरानं काढून दिलेला आमच्या पानाचा कागद, घडी घालून खिशात. रांगेत पुढच्या-मागच्या लोकांना दाखवून राह्यला. "माझ्या बहिणीच्या कंपनीचं हाय."
रांगेतच सांगितलं. दादा, हे खरं न्हाई. याला पण कोकडा येतो.
हसला. "तू काय शास्त्रज्ञ झाली का? छापील हाय हे."
खोटं छापलंय.
"कोणी लिहिलं मंग?"
मी.
दादानं कागद घडी घालून परत खिशात सारला. रांग पुढं सरकत गेली, त्याला थांबवायला मला तोंड राह्यलं नव्हतं. पुजाऱ्यानं पुड्या पायाला लावून परत दिल्या. बाहेर आल्यावर म्हणला, "रांग लागायच्या आधी का न्हाई बोललीस? आता पायाला लागलेलं बी. दुकानात परत द्यायचं का फेकायचं? पेरावंच लागतंय."
दहा दिवस हातात होते माझ्या. फोन होता.

२७ मार्च
दादानं तेच बी रोपांसाठी वाफ्यात टाकलं. वहिनीनं कळवलं.
आज भैय्या बाहेर गेल्ते. ओळ बदलली. "कोकडा उशिरा येणारी. येतच नाही असे नाही." कोणाला विचारलं न्हाई.
मंग सर्च केलं. अजून जुनीच ओळ! पान नवं आणि सर्चच्या यादीत ओळ जुनी. सर्चवाल्यांचं यंत्र पुन्हा आपल्या साईटवर येईल, वाचून जाईल, तेव्हा बदलंल. कधी येईल ते त्याच्या मनावर.

३१ मार्च
यादीत अजून तेच. दिवसातून वीसदा बघते. फोन येतात त्यांना मी खरं सांगून राह्यले. सिल्लोडचा एक जण म्हणला, "ताई, नेटवर बराबर लिहिलंय, तुम्हाला माहिती न्हाई." जिनं लिहिलं तिलाच माहिती न्हाई, वा!

३ एप्रिल
ओळ बदलल्याचं कळलं. भैय्या ओरडले, अख्ख्या ऑफिसादेखत. "दीड महिन्याची मेहनत!" माझीच होती मेहनत.
शेठजींनी केबिनमध्ये बोलावलं.
"पान कोणी बदललं?"
मी.
"आधीचं कोणी लिहिलं?"
मी.
शेठजींनी पेपरवेट बाजूला सारला. "चाळीस वर्षं काउंटरवर उभा हाय मी. कमी येतो, उशिरा येतो, असं म्हणलो. येतच न्हाई असं कधी तोंडातून काढलं न्हाई. समोर माणूस असतो, त्याचं तोंड दिसतं." मंग म्हणाले, "पण तू दोन्ही वेळा मला विचारलं न्हाई, बेटा." ठेवतात का काढतात, काहीच बोलले न्हाईत. पाडव्यानंतर बघू म्हणाले.

पाडवा
धावड्याला. गुढी उभारली, दादा माझ्याशी कामापुरतं बोलला. वहिनी म्हणली, खा आधी. रोपं वर आलीत, गादीवाफ्यावर हिरवी पोपटी. चांगली दिसतात. कोकडा आत्ता थोडीच दिसतो.
संध्याकाळी कृषी सेवा केंद्रावर गेले, काशिनाथभाऊंच्या. काउंटरच्या मागं, लक्ष्मीच्या फोटोखाली, आमचं पान. दादाच्या कागदाची झेरॉक्स, वर प्लास्टिक चढवलेलं. "कोकडा न येणारी मिरची."
भाऊ, हे काढा. चुकीचं आहे.
"कसं काढू? गावानं याच्यावर बी नेलं. उद्या भांडायला आले तर माझ्याकडं पुरावा काय ऱ्हाईल?" वर म्हणाले, "कंपनीचं सही-शिक्क्याचं पत्र आण, लगेच काढतो."
त्यांचं बराबर आहे. साईटवरची ओळ मी बदलली, पण भिंतीवरची कशी बदलू?

९ एप्रिल
पत्र लिहून शेठजींपुढं ठेवलं. भैय्या बाजूला उभे. "पप्पा, हे दिलं तर लोक उलटतील." शेठजींनी दोनदा वाचलं. "उलटू दे" म्हणाले, सही केली, शिक्का स्वतः मारला. माझ्या नोकरीचं आज पण बोलले न्हाईत. विचारायची हिंमत झाली न्हाई. पत्र एसटीनं धावड्याला पाठवलं, कंडक्टर ओळखीचा.

१० एप्रिल
यादीतली ओळ बदलली! सकाळी उघडलं तर "उशिरा येणारी". डोळ्यात पाणी आलं, खरंच.
आणि आपण चौथे. पहिल्या नंबरावर दुसरीच कंपनी. त्यांच्या पानावर ठळक अक्षरात: "कोकडा न येणारी मिरची." शब्दाला शब्द तोच, फक्त वाणाचं नाव त्यांचं. भैय्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. "घे. तुझं खरं."
रान मोकळं आहे असं मीच दाखवल्तं. आता कोणीबी पेरंल.

१२ एप्रिल
दादाचा फोन. पत्र पोचलं. काशिनाथभाऊंनी आमचा कागद काढला, माझं पत्र लावलं. दोन दिवस होतं.
"आज गेल्तो तर पत्र न्हाई. तिथं दुसऱ्या कंपनीचा कागद. नेटवरून काढलेला. तेच लिहिलंय, कोकडा न येणारी." भाऊ म्हणाले म्हणं, आता गिऱ्हाईक हेच मागून राह्यलं.
मंग दादा म्हणला, रोपं महिन्याभरात लावायला येतील, आखाजीला, अक्षय तृतीयेला लावायची. पायाला लावलेलं बी आहे, गावाला तोंड दाखवायचंय. मोडून मका करावा तर वहिनी ऐकायची न्हाई, तिनं रोज झारीनं पाणी घातलंय.
"लावू का मोडू? तू सांग, संगे. खरं तूच सांगितल्तं."
वर म्हणला,
"पण लिहिल्तं बी तूच."
दादा, दोन दिवस दे, प्लॉटवरच्या साहेबांना विचारून सांगते, म्हणले. बरं म्हणला, आणि फोन ठेवला.