अपूर्वचे चौदा निऑन

रविवार, ५ जानेवारी
अपूर्व ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी महिनाभर चेन्नईला गेला. त्याची माशांची टाकी आता माझ्या ताब्यात. आत हिरवी झाडं, एक लाकूड आणि चौदा निऑन टेट्रा. मासे पेरभर, अंगावर निळा-लाल पट्टा. जाताना चिरंजीवांनी मला सूचनांचा कागद दिला: दिवसातून एकदा चिमूटभर खाणं, बाकी काही लागत नाही. एकतीस वर्षं अख्खा सेक्शन सांभाळला, मला कागद! आमची सौ. सुनंदा म्हणाली, फ्रिजवर लावून ठेवा. ड्रॉवरमध्ये टाकला.

सोमवार, ६ जानेवारी, सकाळी ७.१०
निरीक्षण सुरू. निऑन थव्याने राहतात म्हणे. आमचे पाच लाकडामागे, चार झाडांत, बाकीचे फिरतीवर. शिस्त शून्य. सोसायटीच्या मीटिंगची आठवण झाली.
संकल्प: अपूर्व येईपर्यंत चौदाही जण एकत्र पोहायला शिकतील.

बुधवार, ८ जानेवारी
फिल्टर उघडला. आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत. नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला. पाणीही पूर्ण बदललं, थेट नळाचं, ताजं. टाकी आरशासारखी दिसतेय. मुलाने इतके महिने हे केलंच नव्हतं. सुनंदा म्हणाली, त्याने काही कारणाने केलं नसेल. आळस हे एकच कारण असतं.

शुक्रवार, १० जानेवारी
तीन मासे गेले. थंडी. (टाकीत हीटर आहे, पण यंदा पनवेलला थंडीच तशी आहे.) अपूर्वला कळवू का, असं सुनंदाने विचारलं. म्हटलं, ट्रेनिंगमध्ये त्याचं लक्ष उडेल.
उरलेले अकरा कोपऱ्यात एकत्र उभे आहेत. म्हणजे शिस्त येतेय!

मंगळवार, १४ जानेवारी
शिस्त गेली. पुन्हा विखुरले. विचार करता लक्षात आलं, यांना नेता नाही. निकेशच्या माशांच्या दुकानातून एक एंजल मासा आणला. तळहाताएवढा, रुबाबदार. निकेशने विचारलं, काका, टाकीत दुसरं काय आहे? म्हटलं, मला अनुभव आहे, तू पॅक कर.
एंजलला टाकीत सोडताच अकराही जण क्षणात एका रांगेत! सुनंदाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, घाबरलेत ते. आदर आणि भीती यांतला फरक तिला कधी कळला नाही.

रविवार, १९ जानेवारी
मोजले. नऊ. पुन्हा मोजले. आठ. हलत्या माशांच्या मोजणीत असा फरक पडतोच.
मासळीवाली मालू दारात आली होती, बोंबील घेऊन. टाकीत डोकावून म्हणाली, "साहेब, ह्यो मोटा यांच्यात कशाला सोडलाव तुमी? त्याचं तोंड बगा नि ही पिल्लं बगा. मावतंय का नाय?" तिला समजावलं की तुझे समुद्रातले, हे शोभेचे. ती म्हणाली, "भूक तीच हाय ना?" अर्धा डझन बोंबील घेऊन विषय संपवला.

गुरुवार, २३ जानेवारी
अपूर्वचा व्हिडिओ कॉल. टाकी दाखवा म्हणाला. पंखा दाखवला, मग खिडकी, मग नेटवर्क गेलं असं सांगितलं. "बाबा, तुमचा आवाज नीट येतोय," असं तो म्हणत असताना फोन ठेवला.
एंजलची तब्येत मात्र छान सुधारली आहे.

सोमवार, २७ जानेवारी
पाचच दिसतात. बाकीचे झाडांत लपून राहत असणार. तेव्हा कात्री घेतली आणि सगळी झाडं बुंध्यापर्यंत कापली. आता लपायला जागाच नाही.

बुधवार, २९ जानेवारी
दोन. दोघंही लाकडाखाली. एंजल वर.
सुनंदाला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "आता मला विचारताय?"

रविवार, २ फेब्रुवारी
अपूर्व आला. टाकीसमोर बराच वेळ उभा राहिला. मी थंडीचं सांगितलं, नेत्याचं सांगितलं. रागावला असता तर बरं झालं असतं, उत्तरं तयार होती. त्याने एंजल पिशवीत घेतला आणि निकेशला परत देऊन आला.
चहाच्या वेळी म्हणाला, चेन्नईची बदली कायमची आहे. उरलेलं सामान न्यायला आलोय, परवा निघतो. डिसेंबरपासून ठरलं होतं. सुनंदाला माहीत होतं.
म्हटलं, मग टाकी?
म्हणाला, "ती तुमच्यासाठीच ठेवली होती बाबा. रिटायर झाल्यापासून नुसते घरभर फिरता. वाटलं, संध्याकाळी समोर बसायला काहीतरी असेल."
मग बदलीचं मला आधी का नाही सांगितलंस?
"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या साहेबांना फोन केला असता."
केला असता. नंबरही आहे माझ्याकडे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
रिक्षा खाली उभी होती. मी बॅग उचलायला वाकलो. अपूर्व म्हणाला, "बाबा, राहू दे."
राहू दिली.