अकरा मतं

बेकर्स फोर्क, नेब्रास्का
२० नोव्हेंबर २०२२

चि. आर्लीनला,
दादाचे अनेक आशीर्वाद.

माझा गुडघा बरा आहे. रॉइसच्या निवडणुकीचं विचारलंस. पडला. काउंटी मंडळाच्या जागेसाठी तुमच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या हॉलबर्गबाईंनी त्याला अकरा मतांनी हरवलं. फरक इतका थोडा, म्हणून फेरमोजणी झाली आणि रिपब्लिकन पक्षाचा काउंटी-अध्यक्ष म्हणून मी तिथे बसलो. पोटच्या पोराची मतं डोळ्यांदेखत दोनदा मोजली गेली. अकरा ती अकराच.

आता आमची मंडळी म्हणतात, की निवडणूक कचेरीतल्या ट्वायलाने मोजणीत गडबड केली. अगं, ट्वायला! रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवणारी, रॉइसलाही तिनेच शिकवलं! तक्रारीवर माझी सही हवी म्हणून चौघं घरी आले. मी म्हटलं, खोटी साक्ष देऊ नकोस अशी बायबलची आज्ञा आहे, ती निवडणुकीपुरती रद्द झाल्याचं माझ्या वाचनात नाही. रॉइस दारातच उभा होता. बाबा, तुम्ही नक्की कुणाचे, एवढंच म्हणाला आणि गेला.

माझ्यासाठी प्रार्थना कर, पण मनातल्या मनात.
तुझा,
वेंडेलदादा

डुलुथ, मिनेसोटा
२९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात नाचले! चाळीस वर्षं तुझ्याशी भांडतेय, शेवटी आलास एकदाचा शुद्धीवर. इथल्या वर्तमानपत्राला मी लगेच लिहून कळवलं, की कट्टर रिपब्लिकन असलेल्या माझ्या भावालासुद्धा त्याच्या पक्षाचा वीट आला. छापलंय त्यांनी, तुझ्या नावासकट. कात्रण सोबत आहे, चौकट करून लाव.

तुझी आनंदी,
आर्लीन

बेकर्स फोर्क
९ डिसेंबर

आर्लीन,
आशीर्वाद आहेतच, पण आज हात जरा आखडून.

तुझं कात्रण माझ्याआधी गावात पोचलं. मंगळवारच्या बैठकीत ते वाचून दाखवलं आणि मला अध्यक्षपदावरून काढलं. एकवीस वर्षं सांभाळलेलं पद गं. मला वीट आला असं मी कुठे लिहिलं होतं? कर कमी असावेत, सरकारने घरात नाक खुपसू नये, जन्माला न आलेलं मूलही देवाचंच, हे सगळं मी कालही मानत होतो, आजही मानतो. मत मी रॉइसलाच दिलं. त्यांना मी फितूर वाटतो, तुला शुद्धीवर आलेला. मी होतो तिथेच आहे, हे मात्र कुणी ऐकून घेत नाही.

रॉइस फोन उचलत नाही. ट्वायलाला निनावी फोन येतात. तिने चर्चला येणं सोडलं.

रागात लिहिलंय. तरी माया आटलेली नाही, एवढं समज.
वेंडेल

डुलुथ
१६ डिसेंबर

ती. दादास,
सा. न.

चुकलं माझं. तुझं खरं बोलणं मी माझ्या बाजूच्या विजयात जमा करून टाकलं. वर्तमानपत्राला दुसरं पत्र पाठवलंय, की माझा भाऊ पूर्वीइतकाच हट्टी रिपब्लिकन आहे आणि मी त्याच्या तोंडी नसलेले शब्द घातले. संपादक म्हणाला, यात बातमी कुठे आहे? मी रोज फोन करून त्याचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे छापलं.

शेजारच्या लॉयडशी मी त्याच्या अंगणातल्या रिपब्लिकन प्रचाराच्या पाटीवरून दोन वर्षं बोलले नव्हते. काल त्याला पाव नेऊन दिला. पाटी अजून तशीच आहे. पाव मात्र त्याला आवडला.

मला टाकू नकोस.
आर्लीन

बेकर्स फोर्क
९ जानेवारी २०२३

चि. आर्लीनला,
मनापासून आशीर्वाद.

टाकतो कसला? बहीण एकच आहे मला. आता ऐक. गेल्या आठवड्यात धान्याच्या कोठारावर एकाने रॉइसच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, की त्या ट्वायलाला रडवलं बघ तुझ्यासाठी. रॉइस तिथून तडक तिच्या घरी गेला. दोघांत काय बोलणं झालं, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण काल सकाळी ट्वायला चर्चला आली, अगदी मागच्या बाकावर बसली.

प्रार्थनेसाठी कुणाला काही सुचवायचंय का, असं पाद्रींनी विचारलं आणि रॉइस उठला. तो म्हणाला, की मी अकरा मतांनी हरलो, मोजणी खरी होती. हॉलबर्गबाईंशी माझं एकाही गोष्टीत पटत नाही आणि पटणारही नाही, पण उद्यापासून त्या आपल्या सगळ्यांच्या वतीने बसणार, तर देवाने त्यांना शहाणपण द्यावं.

पक्षातले दोघं टोप्या उचलून निघून गेले. मग नव्वदीच्या ओपलबाई, ज्यांना ऐकू कमी येतं, ठणठणीत आवाजात आमेन म्हणाल्या आणि मागोमाग हळूहळू बाकीचे.

बाहेर बर्फात रॉइस माझ्या गाडीपाशी आला. माफी वगैरे काही नाही, आपल्या घराण्यात ती पद्धत नाही. म्हणाला, जेवायला घरी या, पाहुणे जास्त आहेत, खुर्ची तेवढी तुमची आणा.

मी दोन नेल्या. रॉइसने ट्वायलालाही बोलावलं होतं.

लॉयडला माझा नमस्कार सांग. तब्येत जप आणि या म्हाताऱ्यावर जीव असू दे.
तुझा,
वेंडेलदादा