सात मिनिटांची जोडगाडी

३ मार्च, सोमवार

आत्या लग्न करतेय. वय वर्षं त्रेसष्ट. वीस तारखेला, गुरुवारी, दुपारी एक वाजता, नोंदणी कार्यालयात. फोनवर मला म्हणाली, "दादाला तूच सांग बाई. मी सांगितलं तर फोन टेबलावर ठेवून फिरायला निघून जाईल."

सांगितलं. बाबा मटार सोलत होते. एक दाणा खाली पडला, तो शोधायला चांगली पाच मिनिटं टेबलाखाली होते. वर आले आणि म्हणाले, "कोणाशी?"

तेही सांगितलं. आता पाडायला दाणा उरला नव्हता.

५ मार्च, बुधवार

हे प्रकरण एकदा नीट लिहून ठेवते. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. एकतीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. त्यातले बरेचसे रेल्वेच्या वेळापत्रकाचे. कुठली गाडी कुठे किती वाजता, हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. स्वतः गाडीत बसले असतील चार वेळा!

आत्याचा नवरदेव त्याच छापखान्यात प्रुफं तपासायचा. सव्वीस वर्षांपूर्वी वेळापत्रकात एका गाडीची वेळ छापली गेली — १४.६०. चौदा वाजून साठ मिनिटं. तीस हजार प्रती. सगळा छापखाना नऊ दिवस चिठ्ठ्या चिकटवत बसला होता. मालकांनी विचारलं, चूक कोणाची? बाबा म्हणाले, प्रुफात खूण नव्हती. त्या माणसाची नोकरी गेली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

पुढे तो आत्याच्याच गावी राहायला गेला. आत्या तिथल्या वाचनालयात. यानं पुस्तकातल्या छपाईच्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करून पुस्तक परत केलं. आत्यानं दंड केला. यानं दंडाच्या पावतीवरची चूकही दुरुस्त केली. जमलं.

बाबा या विषयावर आज एकच वाक्य बोलले. "गाड्या बघायला लागतील."

८ मार्च, शनिवार

चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून आले तर जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नाही. कागदच कागद. रेघा, बाण, तांबड्या शाईच्या वेळा. बाबांनी प्रवास आखलाय.

थेट गाडी मंगळवारी आणि शनिवारी. मी म्हटलं, मंगळवारी जाऊ, मी जास्तीची रजा काढते. "दोन दिवस आधी जाऊन तिथे काय माश्या मारायच्या? आणि भाडं दुप्पट." म्हणून गुरुवारी पहाटेची पॅसेंजर, जंक्शनला आठ एक्केचाळीसला पोचणार, तिथून आठ अठ्ठेचाळीसची पुढची गाडी. तिकीटही तोडून काढायचं, अलीकडच्या स्टेशनपर्यंत वेगळं, पुढचं वेगळं, त्यात ज्येष्ठांची सवलत. वाचले किती? दोघांचे मिळून एका चष्म्याच्या काडीएवढे.

"सात मिनिटांत गाडी बदलायची?"

"सात म्हणजे पुष्कळ झाली."

ज्यांना बूट घालायला अकरा मिनिटं लागतात त्यांच्या तोंडी हे वाक्य.

१० मार्च, सोमवार

तिकिटं काढायला गेले होते. खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला, मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. (नंबर बदललाय त्यांचा, सांगायला हवं होतं.) "ही जोडगाडी कोणी सुचवली?"

"वडिलांनी."

"अहो, ती पॅसेंजर सहा महिन्यांत एकदाही वेळेवर आलेली नाही. पुढची गाडी त्यांना पाचव्या फलाटावरून टाटा करेल. त्यानंतरची एकदम दुपारी चार वाजता."

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "वेळापत्रकात आठ एक्केचाळीस लिहिलंय." आणि पेपर तोंडासमोर धरला. उलटा नव्हता, पण पान कालचंच होतं.

११ मार्च, मंगळवार

दुकानात काच घासता घासता लख्ख कळलं. बाबांना ती गाडी चुकवायचीच आहे! "येत नाही" असं बहिणीला तोंडावर म्हणवत नाही, म्हणून रेल्वेच्या अंगावर ढकलायचं. कधी नव्हे ते कौतुक वाटलं. एवढा बारीक डाव.

तरी तिकिटं तीच ठेवली. घरात बसून नाही म्हणण्यापेक्षा फलाटावर बसून म्हणू देत.

१६ मार्च, रविवार

बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढला, हँगरला लावला, पुन्हा कपाटात ठेवला. दोनदा.

२० मार्च, गुरुवार
आत्याच्या घरी, संध्याकाळ

काय दिवस गेला. क्रमानं लिहिते.

पॅसेंजर वेळेवर सुटली. बाबांचा चेहरा पडला. तीन स्टेशनं झाली तरी वेळेवरच. मी म्हटलं, "बाबा, आज पोचतोय बरं का." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग एका माळावर गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. बाबांनी समाधानानं डबा उघडला आणि उकडलेलं अंडं खाल्लं.

जंक्शनला नऊ वाजून चार मिनिटांनी उतरलो. पाचवा फलाट रिकामा. झाडणारा माणूस म्हणाला, "गेली की मघाशीच."

बाकावर बसलो. मला वाटलं होतं आता स्वारी खुलेल. हवं ते मिळालं होतं. पण बाबा बॅग मांडीवर घेऊन बसले होते, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. माझी सगळी थट्टा तोंडातच राहिली. आत्याला फोन लावला. "आत्या, पुढची गाडी गेली गं."

ती म्हणाली, "दादाला दे."

आत्याचा आवाज असा की फोन कोणाच्याही कानाला असो, ऐकू सगळ्यांना येतं. "दादा, मी रागावले नाहीये. फक्त विचारते. साक्षीदार म्हणून अर्जावर तुझं नाव लिहिलंय. खोडू का?"

समोरून एक मालगाडी गेली, पूर्ण, शेवटच्या डब्यापर्यंत. आत्या तिकडे फोन धरून होती.

"नको खोडूस," बाबा म्हणाले. "खाडाखोड वाईट दिसते."

फोन माझ्या हातात दिला आणि उठले. "ऊठ. तक्ता चौतीस."

"काय?"

"स्टेशनच्या मागे छोट्या लाईनचं स्टेशन आहे. पंधरा मिनिटं चालत. नऊ चाळीसची गाडी. ती गावाच्या अलीकडे, नऊ किलोमीटरवर सोडते. चौदा वर्षं जुळवलाय तो तक्ता."

म्हणजे रस्ता पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. हे मी बोलले नाही, कारण बोलायला दम उरला नव्हता. एकोणसत्तर वर्षांचा माणूस पुढे आणि मी मागे, बॅग सांभाळत. चढताना बाबांनी गार्डला विचारलं, "नऊ चाळीसच ना अजून?" तो म्हणाला, "नऊ बेचाळीस झाली, आजोबा." बाबांना ही दुरुस्ती आवडली नाही.

शेवटच्या नऊ किलोमीटरला टॅक्सी केली. भाव न करता! साक्षीला मी होते.

एकला पाच कमी असताना कार्यालयात. आत्या फिकट निळ्या साडीत, खुर्चीच्या टोकावर बसलेली. आम्हाला पाहून उठली, बाबांच्या शर्टाची कॉलर तेवढी सरळ केली. नवरदेव बारीक, उंच, खिशाला दोन पेनं. बाबांना म्हणाले, "या. गाडी वेळेवर होती?"

"नव्हती."

सव्वीस वर्षांनंतरचं संभाषण, सगळं इथे दिलं आहे.

सही करण्याआधी बाबांनी अर्ज चार वेळा वाचला. नवरदेवानं पाच वेळा वाचून एक वेलांटी दुरुस्त करून घेतली. कारकुनाला घाम फुटला.

२१ मार्च, शुक्रवार

परतलो. सकाळी चहाच्या वेळी आत्या बाबांना म्हणाली, "दादा, आता तरी सोड ना राग. हे स्वतः कबूल करतात, ती चूक त्यांचीच होती. इतक्या वर्षांत कधी दुसऱ्यावर ढकलली नाही त्यांनी." तिचे "हे" तेव्हा ओट्याशी कप विसळत होते, आमच्याकडे पाठ करून. बाबांनी चहा अर्धा टाकला.

गाडीत मी चिडवलं, "काय, मेहुणे आवडले वाटतं?" हसले नाहीत. वाटेतल्या एकाही स्टेशनची वेळ सांगितली नाही.

२५ मार्च, मंगळवार

बाबा जेवत नाहीत धड. दमणूक असेल. डॉक्टरांकडे न्यायला हवं.

२९ मार्च, शनिवार

उठले तर बाबा घरात नाहीत. टेबलावर चिठ्ठी, त्यांच्या एकसारख्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही:

"थेट गाडीनं जातोय. पूर्ण भाडं भरून. प्रुफात त्यानं खूण केली होती. मला दिसली होती. खिळे बदलायचा कंटाळा केला आणि मालकांसमोर खोटं बोललो. त्याला हे माहीत आहे. तुझ्या आत्याला नाही. तिला सांगायला चाललोय."