रोज एक मिलिमीटर

१२ जानेवारी
टाके काढून चार आठवडे झाले. लोणच्याच्या बरणीची काच उजव्या तळहातात घुसून स्पर्शाची नस कापली होती, सर्जनने जोडली. तर्जनी अजून मुकीच. इनासला लोणच्याचं दुःख जास्त. "आईच्या हातचं होतं गं." नवरा म्हणे!
लॅबमध्ये मला रक्त काढायच्या खोलीतून उठवून काउंटरवर बसवलंय. शीर डोळ्यांना नाही, बोटाला कळते. मार्चअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतं. त्याआधी सुपरवायझर लिसीने 'फिट' लिहायला हवं. नाहीतर व्हिसा खलास, आखात सोडून परत वसई.

१६ जाने.
रिफाहून लेक आली, एलिनाला घेऊन. नातीला शाळेत एका वैज्ञानिक बाईवर प्रोजेक्ट. इटलीची ज्यू डॉक्टर. ज्यू म्हणून कामावरून काढलं, तर हिने बेडरूममध्येच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून अवजारं. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात नसा कशा वाढतात ते बघायची. युद्धात अंडी मिळेनात, तेव्हा शेतकऱ्यांकडे 'मुलांसाठी' म्हणून मागायची. मुलं नव्हतीच!
"सो कूल, ना आजी?"
कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आठवल्या. अंड्याला खिडकी पाडून त्यांनी आम्हाला इवलंसं हृदय उडताना दाखवलं होतं. त्या दिवशी हॉस्टेलात आम्लेट कुणी खाल्लं नाही.

२४ जाने.
सर्जन म्हणाले, नस रोज साधारण एक मि.मी. वाढते. टिचकी मारून बघा. जिथे मुंग्या येतील तिथवर ती पोचली. मार्करने रेघ मारते, शेजारी तारीख. सॅम्पलच्या बाटलीसारखं.
इनास : "एक्सपायरी डेट पण लिही."

९ फेब्रु.
बोटाच्या पहिल्या सांध्यापर्यंत आली. एलिनाचं पुस्तक माझ्याकडेच राहिलंय. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्या बाईंनी गर्भातल्या नसांजवळ उंदराच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा ठेवला, तर नसांचे धागे प्रभावळीसारखे चहूकडे फुटले. म्हणजे नसांना वाढायला लावणारं काहीतरी असतं.
माझ्या बोटाच्या टोकातूनही कुणी हाक मारत असेल का?

३ मार्च
जिदहफ्सची उम्म जासिम, माझी जुनी अरब पेशंट, साखर तपासायला आली. मला काउंटरवर बघून भडकली. "तू इधर क्यों बैठा? बाकी सब तीन बार मारता, तू एक बार. यल्ला, चलो!" लिसीने 'जा' म्हणून मान हलवली. गेले.
बोट ठेवलं. काहीच कळलं नाही. पण तो हात दहा वर्षांच्या ओळखीचा. शीर कोपराच्या घडीत, तिळाच्या खाली. पहिल्याच खेपेला रक्त आलं.
लिसी खूश. मला ताई नाही, तिच्या भाषेत चेची म्हणते. "चेची, हो गया! कल फिट लिख दूँगी."
मी थँक्यू म्हणाले. म्हणालेच की.

४ मार्च
सकाळी चहाबरोबर पुस्तक. त्या बाईंनी खात्रीसाठी उंदराच्या निरोगी भागाचा तुकडा ठेवून पाहिला, तरी नसा वाढल्या. त्यांना वाटलं, सगळं चुकलं. पण लपवलं नाही. पुढचा शोध तिथूनच.
तीळ नसलेला हात आला तर?
दुपारी लिसीला सांगितलं, काल बोटाने नाही, आठवणीने टोचलं.
तिने पेनाला टोपण लावलं. "चेची, ये बोलना ज़रूरी था क्या?" मग फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. पंचवीसला पुन्हा बघणार. अनोळखी हातावर.
इनास : "कॉन्व्हेंटने बिघडवलं तुला." मग स्वतःच बाही वर केली. "घे, शोध."
"तुझा हात पाठ आहे रे."

१३ मार्च
टोकाला एक सें.मी. कमी. सीफच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्याचा कठडा थंड लागला. की एसीमुळे वाटलं? विश्वास नाही.

२४ मार्च
टिचकी मारली. मुंग्या पार शेंड्याला.
संध्याकाळी इनासने वरच्या मजल्यावरच्या वानखेडेंना आणलं. नागपूरचे, एसी टेक्निशियन. त्यांचा हात मी कधी पाहिलेला नाही.
"ताई, टोचणार नाही ना?"
"नाही हो. नुसता ठिपका काढणार."
"मग ठीक. बायकोला सांगून नाही आलो."
ग्लोव्ह चढवला. पट्टा बांधला. डोळे मिटले.
आधी काहीच नाही. मग काहीतरी मऊ, दाबलं की परत वर येणारं. बोट बाजूला सरकवलं, गेलं. परत आणलं, आलं.
"वानखेडे, हलू नका."
मार्कर टेकवला. डोळे उघडले. इनास चष्मा लावून वाकला होता.
ठिपका शिरेच्या काठावर. अर्धा आत, अर्धा बाहेर.
उद्या नऊला लिसी.