हट्टी पेशी

३ सप्टें., अमरावती
मागच्या खेपेला बुरशी लागली, सगळ्या पेशी फेकाव्या लागल्या. या वेळी टिकल्या! स्तनाच्या कॅन्सरच्या, थोडंथोडं औषध पाजून मुद्दाम हट्टी केलेल्या, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या. आज पूर्ण डोस दिला. तेच लाल औषध, जे अकोल्यात आत्याला सलाइनमधून देतात. माझ्या गाइड मॅडमना हे सांगितलेलं नाही.

६ सप्टें.
रंग घातला. जांभळा झाला की पेशी जिवंत, पिवळा राहिला की मेल्या. अख्खी प्लेट जांभळी, एकूण एक खळगा.
आत्याचा फोन. "मेल्या का वं तुह्या पेशी?"
"नाही गं."
"मंग माह्या बी नसन मेल्या?"
"माझ्या मी हट्टी केल्यात. तुझ्या तशा नाहीत." (खात्री आहे का मला?)
"हट्टी केल्याच कावून? सरळ मारून टाकाच्या होत्या!"
दोघी हसत सुटलो.

१३ सप्टें.
तीन दिवसांपूर्वी लाल औषधासोबत दुसरं एक दिलं होतं, आज रंग घातला. एकटं ते काहीच करत नाही. दोन्ही मिळून मात्र… पिवळं!! रांगाच्या रांगा पिवळ्या. ओरडलेच. मॅडम शेजारच्या खोलीतून धावत आल्या, निरखून पाहिलं. "नाचू नकोस. पुन्हा कर." संध्याकाळी सगळ्यांसाठी गिला वडा त्यांनीच आणला.

१७ सप्टें.
पुन्हा केलं. पुन्हा पिवळं. आज मॅडमही थोड्या नाचल्या.

२१ सप्टें., अकोला
आत्याची गाठ निम्म्याहून लहान! डॉक्टर पहिल्यांदा हसले म्हणे. डोक्याला रुमाल बांधून तिनं स्वतः पाटवडी रस्सा केला, मला उठूच देईना. शेजारणीला सांगत होती, "माह्या भाचीनं कॅन्सर मारला!"
"आत्या, प्लेटमधला."
"प्लेटीतला त प्लेटीतला! मेला ना?"

२५ सप्टें., अमरावती
मॅडमना आत्याचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "तर आधी हे बघ, या जोडीपुढे निरोगी पेशी टिकतात का. त्याही मेल्या तर उपयोग काय?"
खरंय. निरोगी पेशींना आजच डोस दिला.

२८ सप्टें.
आज निकाल. सकाळीच आत्याचा फोन, "मी बसमधी बसलो. माह्याशिवाय पाहू नोको."
"आणि त्या निरोगी पेशी मेल्या असतील तर?"
"त दोघी मिळून पाहू. मंग तू दुसरं काई काढशीन."
मॅडम म्हणाल्या, येऊ दे. स्टँडवर निघालेय. प्लेट अजून इन्क्युबेटरच्या आतच आहे.