जुडग्यातलं बेअरिंग

सूनबाई,

समोर उभं राहून सांगायला तोंड नाही, म्हणून ही चिठ्ठी.

आज तुझी गाडी घेऊन बाजारात निघालो. माझी सुटी किल्ली सापडेना, म्हणून तुझं जुडगं उचललं. पुलाजवळच्या गतिरोधकावर गाडी आदळली आणि इंजिन फटकन बंद! मागून कोणीतरी ओरडलं, "काका, क्लच हळू सोडा!" तुझ्या हातून गाडी बंद पडली की महिनाभर मी तुला हेच ऐकवत होतो.

त्या जुडग्यात मीच कौतुकानं अडकवलेलं जड बेअरिंग आहे. धक्का बसला की ते झोका घेतं, झिजलेल्या स्विचमध्ये किल्ली मागे फिरते आणि गाडी बंद पडते. माझ्या सुट्या किल्लीवर ती कशाला बंद पडेल? चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, पण तुझ्यावर खापर फोडताना किल्लीकडे बघितलंसुद्धा नाही.

गाडीची किल्ली वेगळी काढून ठेवली आहे. स्विच उद्या बदलतो. आता बसनं जाऊ नकोस.

तुझ्या वडिलांसमोर म्हणालो होतो, "हिला गाडी जमायची नाही." रविवारी ते आले की मीच त्यांना सगळं सांगेन. तेव्हा "जाऊ द्या, बाबा" म्हणून मला वाचवू नकोस.

— बाबा